गरम लादी

बहरीनमध्ये आमच्या बुसैतीनच्या घरात स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मध्ये एक लांबट पॅसेज आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिथून अनवाणी जाताना माझा पाय दोन लाद्यांवर थबकला. त्या गरम होत्या. चटका बसावा इतक्या नाही, पण कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठलेल्या खुर्चीसारख्या. बाकीच्या लाद्या एसीमुळे गार होत्या.

मी तिथेच उभा राहिलो आणि गच्चीवरच्या, नळ उघडला की आपोआप सुरू होणाऱ्या मोटरचा आवाज ऐकला. घरात एकही नळ चालू नव्हता. मोटर सुरू झाली, थोडी घुमली, बंद पडली. मी तोंड धुऊन आलो, तोवर पुन्हा सुरू झाली.

मुहर्रकमध्ये माझं पाइपांचं आणि नळांचं दुकान आहे. मोटर उगाच का चालते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जमिनीखाली लाइन फुटली होती.

जमिनीखालचं सगळं माझ्या अंगावर का, तेही सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी हे घर भाड्याने घेतलं तेव्हा आतली लाइन सडलेली होती. घरमालक म्हातारे हाजी आहेत, शेजारच्याच घरात राहतात, दोन घरांची भिंत एक. त्यांनी भाडं सांगितलं, मी उठून दारापर्यंत गेलो. त्यांनी परत बोलावलं. असं तीनदा झालं. शेवटी मी म्हणालो, भाडं मी म्हणतो ते ठेवा, जमिनीखालचे पाइप मी नवे घालतो आणि पुढेही तेच माझ्याकडे. हाजींनी माझा हात धरून हलवला आणि खलास, ठरलं, म्हणाले. मी खोलीवर येऊन गावी बायकोला फोनवर हा सौदा दोनदा सांगितला. त्याआधी मी नऊ माणसांच्या खोलीत एका खाटेवर वर्षानुवर्षं काढली होती. पेटी खाटेखाली, कपडे उशाशी. स्वतःचं दार असलेलं हे माझं पहिलं घर.

आता हाजींच्या मुलाला दोन्ही घरं पाडून तिथे फ्लॅट बांधायचे आहेत. तो दोन वर्षं बापाच्या मागे लागलाय. हाजी ऐकत नव्हते, पण माझी लाइन त्याच्या मदतीला आली. त्या शनिवारी तो बापाला घेऊन आला आणि त्याने सामाईक भिंतीच्या पायथ्याशी ओलीने धरलेला पांढरा लोणा दाखवला. भिंत पाणी पीत होती.

"घर खालून कुजलंय," तो इंग्रजीत म्हणाला, मला ऐकू जावं म्हणून. "पाडायलाच हवं."

हाजींनी भिंतीला हात लावून बघितला. मग त्यांच्या सावकाश हिंदीत म्हणाले, "ही मोटर माझ्या उशाशी आहे. पंधरा दिवस मला झोप नाही. गुरुवारी मगरिबच्या नमाजाआधी मी तुझ्याकडे चहाला येतो. मोटर गप्प असेल तर तू राहा. नसेल तर मुलाचं बरोबर आहे."

मी म्हणालो, इंशाल्ला. मुलगा हसला. ते हसणं मला अजून दिसतं.

रविवारी सकाळी मी काँक्रीट फोडायचा ब्रेकर आणि दोन मजूर लावले. लादी गरम, म्हणजे गरम पाण्याची लाइन फुटली, यात मला शंकाच नव्हती. दुकानात हिवाळाभर लोक येतात, जमीन गरम लागते म्हणतात, मी त्यांना डोळे मिटून सांगतो की गीझरची लाइन गेली. माझं कधी चुकलेलं नाही. गीझरची लाइन बाथरूमच्या भिंतीलगत जाते एवढं मला आठवत होतं. तिथून खणायला सुरुवात केली.

ज्याने ब्रेकरचा आवाज बंद घरात ऐकलेला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. दात हलतात. फ्रिजवरची बरणी चालत चालत कडेला येते. बायकोने स्वयंपाकघराच्या दाराला चादर लावली, तरी डाळीत सिमेंट लागायचं. मी दुकान सोडून तिथेच बसून होतो. मजूर थांबले की ओरडायचो, चालू लागले की आवाजाने डोकं उठायचं. पहिल्या दिवशी हातभर चर झाली. हिरवा पाइप दिसला, कोरडा. पुढे खणा म्हणालो. दुसऱ्या दिवशी चर अर्ध्या भिंतीपर्यंत गेली. पाइप कोरडा. पुढे खणा.

"शेठ, इथं वाळू सुकी आहे," एक मजूर म्हणाला.

"तू वाळू बघू नकोस, ब्रेकर बघ," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी त्याने ब्रेकर बघितला नाही, आणि टोक पाइपात घुसलं. पाणी उसळून माझ्या तोंडावर, हातांवर आलं. मी धावत जाऊन गीझरचा कॉक बंद केला. ते पाणी थंडगार होतं. बाहेर इतका उकाडा होता की मला ते बरं वाटलं. एवढंच वाटलं. आज विचार केला की मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त हाजींचा मुलगा होता.

गीझरचा कॉक बंद, गरम लाइन तुटलेली, तरी गच्चीवर मोटर सुरू झाली. मी ठरवलं की कॉक जुना झालाय, नीट बसत नाही.

बायको चादर बाजूला करून आली. चर बघितली, मला बघितलं.

"ज्याने घातली त्याला विचारा की," ती म्हणाली.

लाइन माझ्या साडूने घातली होती. तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमच्याच तालुक्यातला, खाडीच्या पलीकडचा. त्याला इथे मीच आणला, पहिली नोकरी मीच बघून दिली. पाइप जोडणारा त्याच्यासारखा हात मी बहरीनमध्ये दुसरा पाहिला नाही, आणि गेली सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

कारण सांगतो. एका मोठ्या व्हिलाचं काम होतं. माल माझा, हात त्याचा. लाइन पूर्ण झाल्यावर त्याने पाण्याच्या दाबाची टेस्ट लावली आणि गेजचा काटा उतरला, म्हणजे कुठेतरी गळत होतं. समोर गिऱ्हाईक उभं, त्यांचा इंजिनिअर उभा, मी उभा. याने गेजकडे बघत सगळ्यांसमोर सांगितलं, "जोड नाय गळत. पाइपच हलका हाय. बदलाया लागंल." मी खाली बघितलं. गिऱ्हाईक गेलं, इंजिनिअर गेला, आणि तिसऱ्या दिवशी मुहर्रकच्या बाजारात चहा पिताना एकाने मला विचारलं, काय शेठ, हलका माल ठेवता म्हणे. पाइप कसे होते हा प्रश्न वेगळा. माझं म्हणणं एकच होतं आणि आजही आहे. मी वयाने मोठा. मला चार पावलं बाजूला घ्यायचं, कानात सांगायचं. मी स्वतः बदलून दिले असते.

आम्ही बोलत नव्हतो, पण दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या. त्यामुळे त्याला खोकला झाला की मला कळायचं आणि मी कुठली नवी चप्पल घेतली ते त्याला. अशा परिस्थितीत भांडण टिकवायला फार कष्ट पडतात.

"तूच सांग तुझ्या बहिणीला," मी बायकोला म्हणालो.

"मी नाही सांगायची. पाणी तुमच्या पायाखाली आहे."

मंगळवारी दुपारी मी गाडी काढून सीफला गेलो. तो तिथल्या एका मोठ्या हॉटेलात मेंटेनन्सला आहे. मागच्या दाराशी, जिथे भाजीचे टेम्पो लागतात, तिथे मी त्याच्या शिफ्टची वाट बघत उभा राहिलो. वाटभर मी बोलायचं वाक्य तयार केलं होतं. तो बाहेर आला, डोक्यावरचे केस निम्मे गेलेले, मला बघून थांबला.

"सलाम, भाई," तो म्हणाला.

"एक तास पाहिजे तुझा. किती घेशील?" हे माझं तयार केलेलं वाक्य नव्हतं.

तो टोपीने मान पुसत राहिला. "बाथरूमपाशी गळतंय ना? मोटर दर पाच मिन्टांनी चालते."

"तुला सगळं माहीत आहे तर यायचं होतंस."

"बोलावलं नाय कुणी."

"आता बोलावतोय."

"तुम्ही दर विचारताव. बोलवत कुठे हाव?"

मी गाडीची किल्ली हातात फिरवत राहिलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. त्याला वेळ होता. मला नव्हता.

"ये," मी म्हणालो.

"उद्या सुट्टी हाय. सकाळी येतंव."

बुधवारी तो आला तेव्हा नेमका हाजींचा मुलगा पॅसेजच्या दारात उभा होता. तो रोज फेरी मारायचा, चरीचे फोटो काढायचा. साडूने त्याला सलाम केला, हत्यारांची पिशवी भिंतीशी ठेवली, चपला काढल्या आणि पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालला. गरम लाद्यांपाशी थोडा थांबला. मग चरीत उतरून वाळूत बोटं घातली. कोरडी वाळू त्याने हातातून गळू दिली. वर मोटर सुरू झाली.

"भाभी," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "गीझर चालू हाय?"

"गीझर? मे महिन्यापासून बंद आहे," बायको चादरीआडून म्हणाली. "पाणी वरूनच उकळत येतंय, गीझर कशाला लावू?"

मी ते ऐकलं, तरीही मला कळलं नाही.

साडू हात झटकून उठला. मुलगा मोबाइल धरून उभाच होता. साडू माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "भाई, जरा बाहेर या. माझ्या गाडीत एक सामान हाय, दोघांनी उचलाया लागंल."

आम्ही बाहेर गेलो. गाडीत उचलण्यासारखं काही नव्हतं. त्याने डिकी उघडली, आम्ही दोघं तिच्या सावलीत डोकं घालून उभे राहिलो, आणि तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "गीझर बंद हाय, भाई."

मग मला कळलं.

इथे राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि थंड नळातून हात भाजणारं पाणी येतं. म्हणून सगळे मे महिन्यात गीझर बंद करतात. गीझर घरात, एसीत, त्याच्यातलं पाणी निवतं, आणि आम्ही गरम नळ उघडून गार पाण्याने आंघोळ करतो. वीस उन्हाळे मी रोज सकाळी झोपेतसुद्धा बरोबर नळाला हात घातलाय. लादी गरम होती कारण तिच्याखाली थंड पाण्याची लाइन फुटली होती. मी तीन दिवस चांगली लाइन खणली आणि शेवटी ती तोडलीसुद्धा.

"थंड लाइन किचनच्या भिंतीला हाय," तो म्हणाला. "जोड कुठे हाय ते मला माहीत हाय. तुमालाही हाय."

मलाही होतं. तेव्हा ही लाइन घालताना तो म्हणाला होता, भाई, अख्खा पाइप द्या, जमिनीत जोड नको. माझ्या दुकानात दोन तुकडे उरले होते. मी म्हणालो होतो, हे जोड, कोण बघायला जातंय. त्याने माझ्याकडे बघितलं होतं आणि जोडले होते.

"त्या पोराला यातलं काय सांगू नका," तो म्हणाला आणि डिकी लावली.

आत जाऊन त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या तिसऱ्या लादीवर फुली मारली. मजुरांनी तिथे ब्रेकर लावला. दीड वीत खाली गेल्यावर वाळू काळी आणि चिखल झालेली, आणि त्यात तो जोड. पाण्याची एक बारीक धार, सुईएवढी, वाफाळल्यासारखी. मी बोट लावलं आणि भाजलं म्हणून मागे घेतलं. साडूने टाकीचा व्हॉल्व बंद केला, जोडाच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापला आणि तो तुकडा कुणाला दिसायच्या आत पिशवीत टाकला.

मग त्याने दुकानातून अख्खे पाइप मागवले. या वेळी मी स्वतः जाऊन सगळ्यात जाड निवडून आणले. दोन्ही लाइनी बदलायच्या ठरल्या, कारण गरम लाइन मी मारली होती. पाइप वितळवून जोडायचं मशीन त्याने तापवलं. त्याचा हात अजून तसाच आहे. पाइप आणि सॉकेट एकदम मशीनवर, ओठांनी मोजतो, काढतो, एकात एक सरळ ढकलतो आणि श्वास सोडतो. पिळत नाही. सगळे जोड भिंतीत वर, जमिनीत एकही नाही. प्रत्येक पाइपावर त्याने मोठा मोकळा पाइप चढवला, म्हणजे उद्या बदलायचा तर ओढून काढता यावा, काँक्रीट फोडावं लागू नये. संध्याकाळी त्याने टेस्टचा पंप लावला, गेजचा काटा वर नेऊन पेन्सिलीने काचेवर खूण केली.

"काँक्रीट उद्या हाजी बघून गेल्यावर टाका," तो म्हणाला. "चर उघडी असू दे. झाकलं की संशय येतो."

गुरुवारी मी दुकानात गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. काटा खुणेवरच होता. मी गेजवर बोटाने टिचकी मारली, तरी तिथेच. दुपारी साडूने शिफ्ट संपवून येऊन पंप सोडवला आणि पाणी चालू केलं. लाइन भरेपर्यंत मोटर एकदा घुमली आणि थांबली. मी घड्याळ बघत बसलो.

"बसा ना एका जागी," बायको म्हणाली. "तुमच्यापेक्षा मोटर बरी होती."

हाजी सूर्य उतरता आले. मागे मुलगा. चरीच्या कडेने फळी टाकली होती तिच्यावरून काठी टेकत आले आणि बैठकीच्या खोलीत बसले. बायकोने चहा दिला. घरातला एकही नळ उघडायचा नाही असं मी सांगून ठेवलं होतं. हाजी, मुलगा, साडू आणि मी कप धरून छताकडे कान लावून बसलो होतो, चादरीआड बायको. एसी मीच बंद केला होता, आवाज नको म्हणून. घाम निथळत होता. हाजींनी डोळे मिटले होते. मला वाटलं, ते झोपले.

चहा संपला तरी मोटर बोलली नाही.

"दोन चरी का?" मुलाने अचानक विचारलं. "एक लाइन गळत होती तर दोन्हीकडे का खणलंत? म्हणजे दोन्ही सडल्यात. मी म्हणतोय तेच."

साडू तयारच होता. "पहिली तपासणीसाठी, सर. आमची पद्धत असते. आधी गरम लाइन तपासतात, मग—"

त्याचा आवाज इतका सरळ होता की मलाही पटलं असतं. आणि मला काय झालं कोण जाणे, छातीत जुनीच आग पेटली. त्या व्हिलात याने खरं बोलून मला खाली बघायला लावलं होतं, आता माझ्यासाठी खोटं बोलून लावत होता. दोन्ही वेळा तोच मोठा.

"खोटं आहे," मी म्हणालो. "पहिली चर माझी चूक. गीझर बंद आहे हे मी विसरलो. जमीन गरम लागली आणि मी गरम लाइन खणली. चांगली होती, ती मी तोडली. आणि गळत होता तो जोडही माझ्याच सांगण्यावरून घातलेला. याने अख्खा पाइप मागितला होता, मी तुकडे दिले."

साडूने माझ्याकडे बघितलं नाही. बायकोने चादर थोडी सरकवली. मुलगा बापाकडे वळून अरबीत भराभर बोलू लागला. मला सगळं कळत नाही, पण चूक आणि घर हे दोन शब्द कळले. मी गेलो असं मला वाटलं. नऊ माणसांची खोली, खाटेखालची पेटी, सगळं क्षणात आठवलं.

हाजींनी डोळे उघडले. हसायला लागले, आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत.

"माझी बायको चाळीस उन्हाळे माझ्यावर ओरडते," ते म्हणाले. "रोज मी चुकीचा नळ उघडतो."

मुलगा पुन्हा काही म्हणाला. हाजींनी हात वर केला. "मी मोटर म्हणालो होतो. चर म्हणालो नव्हतो. मोटर मफी, आवाज नाही. खलास." ते काठी टेकून उठले, चरीपाशी थांबले, उघड्या पाइपांकडे वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "जमिनीखालचं अजून तुझंच आहे."

त्या दिवशी भाड्याबद्दल बोलायची उत्तम संधी होती. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले, आणि त्याचं मला अजून थोडं वाईट वाटतं.

साडू निघताना मी दारापर्यंत गेलो. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. तो कापलेला जोड होता.

"फेकून द्या," तो म्हणाला.

"पैसे?"

"भाई, जेवायला बोलवा. दर नका विचारू."

जोड मी फेकला नाही. दुकानातल्या खणात आहे. उरलेले तुकडे घ्यायला कुणी आलं की खण उघडतो, बघतो, आणि तुकडे नाहीत म्हणून सांगतो. मागे ढीग पडलेला त्या माणसाला दिसत असतो.

चर भरली, नव्या लाद्या बसल्या, जुन्यांशी रंग जुळला नाही. मी अजून रोज सकाळी तिथे अनवाणी उभा राहतो. आठवड्याभराने बायको बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि मी पॅसेजमध्ये येरझारा घालत होतो. चार वेळा तिच्या दारापर्यंत गेलो आणि परतलो. पाचव्यांदा म्हणालो, "सांग त्यांना, त्या व्हिलाचे पाइप हलकेच होते म्हणावं."

तिने माझ्याकडे बघितलं, फोनमध्ये काहीतरी म्हणाली आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगा."

पलीकडे तोच होता. "भाई, लादी कशी हाय?"

"गार आहे," मी म्हणालो. मग एका दमात म्हणालो, "आणि त्या व्हिलाचे पाइप."

"कुठची व्हिला, भाई?"

त्याला चांगली आठवत होती. त्याच्या आवाजावरून मला कळलं. सहा वर्षं मी जी गोष्ट उराशी धरून बसलो, ती हा माणूस एका वाक्यात विसरून दाखवत होता, आणि मला साधी कबुलीही देऊ देत नव्हता.

"शुक्रवारी जेवायला या," मी जवळजवळ ओरडूनच म्हणालो. "आणि वेळेवर या."